बोजा चढलेलं घर

आक्काताई कांबळेला कशाचीच किळस येत नाही, असं तिच्या ओळखीचे सगळे म्हणायचे. कोल्हापूर महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया म्हणून तिनं उभी हयात काढली. रक्तानं भिजलेली कापडं, वार, ओकाऱ्या, सगळं तिनं हातानं उचललं आणि ते करताना कधी तोंडाला पदर लावला नाही. नव्यानं लागलेली एखादी नर्स नाक मुरडायला लागली की ती म्हणायची, "पोरी, तू बी ह्याच्यातनंच आलीयास की. आभाळातनं पडली न्हाईस."

तिला शिसारी यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. एकदा एका बाळंतिणीला तिसरी मुलगी झाली. सासू व्हरांड्यात पान चघळत बसून राहिली, नातीचं तोंडसुद्धा बघायला आत गेली नाही. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. तशी ही उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "लक्ष्मी आली वो आमच्या घरात!" आक्काताईनं हातातली बादली तिथंच ठेवली आणि मागच्या नळावर जाऊन खळाखळा चूळ भरली. घाणीचा वास तिला सोसायचा. गोड बोलण्याचा सोसत नव्हता.

तिचा नवरा यल्लाप्पा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होता. काळ्या रेतीत साचे बसवायचे आणि त्यात तापलेलं लोखंड ओतायचं, हे काम त्यानं मिसरूड फुटायच्या आधीपासून केलं. संध्याकाळी घरी आला की डोळे तेवढे पांढरे दिसायचे. स्वभावानं गरीब, खालमानेनं चालणारा. मालकानं पाठीवर थाप मारली तर त्याला दोन दिवस भाकरी गोड लागायची. मालकाला सगळे आण्णा म्हणत. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळाला अष्टगंध. आण्णांची फौंड्री होती, शेती होती, आणि पेठेतल्या एका पतसंस्थेत ते संचालक होते.

घर उभं केलं ते आक्काताईनं. उद्यमनगराच्या मागच्या अंगाला जागा घेतली ती तिच्या पगारातून हप्ते भरून. विटा तिनं स्वतः डोक्यावरून वाहिल्या. आधी पत्रा घातला, पोरगी निशा शाळेत जायला लागल्यावर स्लॅब टाकला. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. कागदावर नाव मात्र यल्लाप्पाचं लागलं. घर बाप्याच्या नावावर असावं असं सासू म्हणाली, आणि त्यात काही वावगं आहे असं तेव्हा आक्काताईलाही वाटलं नाही.

पंच्याण्णव साली एका रविवारी आण्णा त्या घरी आले. यल्लाप्पाच्या सगळ्या नोकरीत ही पहिली वेळ. सणासुदीला यल्लाप्पा त्यांच्या बंगल्यावर जायचा तेव्हा त्याला चहा मिळायचा तो मागच्या पायरीवर, दांडी तुटलेल्या कपात. आणि आज मालक चपला काढून आत आले, कॉटवर बसले, तसबिरीला हात जोडले. यल्लाप्पाला काय करू नि काय नको असं झालं.

"मालक, तुमी कशाला आलासा? निरोप धाडायचा, मी पळत आलो असतो की."

"अरं, घरच्या माणसाकडं यायला काय हुतंय?" आण्णा म्हणाले. "नवी भट्टी बसवायची हाय. पतसंस्थेतनं कर्ज काढतोय. जामीन म्हणून तुजी सही लागती. नुसती रीत असती बघ, तुला कोण इचारत येणार न्हाय."

आक्काताई आतून चहा घेऊन आली. "कसला कागद म्हणायचा?" तिनं विचारलं.

"वैनी, तुमी काळजी करू नगासा. माज्याच संस्थेचा हाय." आण्णा हसले. "चहा झ्याक झालाय बगा."

यल्लाप्पानं तीन ठिकाणी सही केली. घराच्या मालकीचा उतारा आण्णांच्या कारकुनानं आधीच काढून आणला होता. आण्णा गेले. यल्लाप्पा त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला, आणि सगळ्या गल्लीनं बघावं म्हणून मुद्दाम सावकाश परत आला. "मालक आपल्यात चहा प्याला," त्यानं शेजाऱ्यांना सांगितलं.

आक्काताई झाडायला वाकली तेव्हा कॉटच्या पायामागं कप सापडला. काठोकाठ भरलेला. वर साय धरली होती. एक घोटसुद्धा कमी झालेला नव्हता. तिनं तो कप मोरीत ओतला, घासला, आणि नवऱ्याचं उजळलेलं तोंड बघून गप्प बसली. त्याचा तेवढा आनंद हिसकावून घ्यायला तिचा जीव धजावला नाही.

पुढं आक्काताई निवृत्त झाली. फंडाचे पैसे आले. ते कुठं ठेवायचे, तर यल्लाप्पा म्हणाला, मालकाच्या पतसंस्थेत ठेवू, व्याज चांगलं देतात. कपाची गोष्ट तिच्या मनात होती, पण सगळी गल्लीच तिथं पैसे ठेवत होती. तिनंही ठेवले, स्वतःच्या नावावर.

त्याच सुमाराला यल्लाप्पाचा खोकला वाढला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, फौंड्रीची धूळ फुप्फुसात बसली आहे. काम सोडा आणि जमलं तर हा भागही सोडा. घराच्या खिडकीच्या चौकटीवर रोज सकाळी काळी भुकटी साचायची, ती आक्काताईनं वर्षानुवर्षं पुसली होती. तीच त्याच्या छातीत साचत होती, हे कळल्यावर तिला त्या चौकटीकडं बघवेना. निशा लग्न होऊन जयसिंगपूरला होती, तिथल्या एका शाळेत शिकवायची. ती म्हणाली, "आई, इकडं या. आमच्या घराजवळच दोन खोल्या मिळत्यात. ते घर विकून टाका."

घर विकायचं ठरलं. दोन हजार दोन साल होतं.

रंगराव नावाचा एजंट होता. कडक इस्त्रीचे कपडे, खिशाला दोन पेनं, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. त्यानं पहिलंच गिऱ्हाईक चांगलं आणलं. मुरगूडची बाळाबाई. नवरा नव्हता. म्हशी पाळून, दूध घालून तिनं दोन पोरं मोठी केली होती. पोरं शिरोलीला कामाला लागली होती, त्यांना शहरात घर हवं होतं. बाळाबाईनं घर बघितलं, भिंतींवर टिचक्या मारल्या, स्लॅबवर चढून आली.

"घर मन लावून बांदलंय," ती म्हणाली.

"इटा मीच वाहिल्यात," आक्काताई म्हणाली.

दोघी चहा प्यायल्या. बाळाबाईनं कप खाली ठेवला तेव्हा त्यात थेंब उरला नव्हता. किंमत एका बैठकीत ठरली. इसार द्यायच्या आधी वकिलाला कागद दाखवते, एवढंच बाळाबाई म्हणाली.

आठवड्यानं ती परत आली. आत आली नाही. दारातच उभी राहिली, तोंड लाल झालेलं.

"आक्का, असं करायचं न्हवतं. मी रांडमुंड बाई हाय, माजं म्हशीचं पैसं हायती. सांगाय पायजे हुतं."

"काय सांगाय पायजे हुतं?"

"तुमच्या घरावर बोजा हाय. पतसंस्थेचा. उताऱ्यावर नोंद हाय. वसुलीचा हुकूम झालाय. कर्ज फिटल्याबिगर घर इकता येत न्हाय. आन् घेतलं असतं, तर ते माज्या उरावर बसलं असतं."

आक्काताईला काही उमजेना. "आमी कुठलंच कर्ज काढलं न्हाय."

"मग कागद खोटं बोलतोय व्हय?" बाळाबाई वळली आणि चालती झाली.

कुणी आपल्याला लबाड समजलं, असं आक्काताईच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. ती आत आली. यल्लाप्पा कॉटवर बसून भिंतीकडं बघत होता. त्याच्या बसण्यावरूनच तिनं ओळखलं.

"तुमास्नी ठावं हुतं?"

"बोजाचं न्हाय." तो खोकला. "पण मागं फौंड्रीवर एक नोटीस आलती माज्या नावाची. मी आण्णाला दाखवली. आण्णा म्हणालं, मी बगतो, हितंच ठेव. दुसरी आली, ती बी दिली. त्यांनी बगितलं आसंल म्हणून गप बसलो."

आण्णांनी काय बघितलं होतं, ते आक्काताईला पुढच्या महिन्याभरात कळलं. कर्जाचे दोन-तीन हप्ते भरून त्यांनी हात वर केले होते. भट्टी बसवलीच नव्हती. संस्थेनं कर्जदारावर आणि जामीनदारावर वसुली दाखला काढला. जामीनदार हजर झाला नाही, कारण त्याच्या नोटिसा आण्णांच्या टेबलाच्या खणात होत्या. मग वसुली कुणावर काढायची, तर जो गरीब सापडला त्याच्यावर. आण्णांच्या जमिनीच्या वाटेला कुणी गेलं नाही. यल्लाप्पाच्या घरावर मात्र नोंद चढली.

ती पतसंस्थेत गेली. वसुली अधिकारी तरुण होता. काचेखाली साईबाबाचा फोटो, समोर पाण्याचा ग्लास झाकून ठेवलेला. तो आदबीनं बोलत होता, आणि तेच तिला जास्त टोचत होतं.

"मावशी, कायद्यानं जामीनदार पण तेवढाच जबाबदार असतो."

"बरं. मग माजी ठेव हाय तुमच्याकडं. फंडाचं सगळं पैसं हायती. त्यातनं वळती करून घ्या आन् माजं घर मोकळं करा."

त्यानं वही चाळल्यासारखं केलं. "ठेवी सध्या गोठवल्यात. वरून आदेश आहे. कुणाचीच ठेव देता येत नाही."

"मला देऊ नगा. तुमचं तुमीच घ्या की!"

"तसं होत नाही. ठेव तुमच्या नावावर आहे, जामीनकी तुमच्या यजमानांच्या नावावर. दोन वेगळी माणसं."

"आमी वेगळी माणसं?" आक्काताईचा आवाज सगळ्या ऑफिसात गेला. "मी माज्या पैशानं बांदलेलं घर त्यांच्या कर्जापायी धरताना वेगळी न्हवतो, आन् आता वेगळी झालो व्हय? माजं पैसं तुमी दाबून बसलायसा, आन् वर माजंच घर लिलावात काढतासा?"

काउंटरवरच्या बायका बघायला लागल्या. अधिकाऱ्यानं ग्लास पुढं सरकवला. "मावशी, पाणी घ्या."

तिनं त्या ग्लासाकडं बघितलं. ती तशीच उठून रस्त्यावर आली आणि लिंबाच्या झाडाला धरून उभी राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओकाऱ्या काढलेल्या बाईला भर पेठेत, दिवसाढवळ्या, मळमळलं.

आण्णांच्या बंगल्यावर दोघं तीनदा गेले. एकदा आण्णा पूजेला बसले होते, एकदा गावाला गेले होते. तिसऱ्यांदा भेटले, आणि चहा सांगितला. चहा पायरीवर आला. "यल्लाप्पा, धंदा बसलाय रं," ते म्हणाले. "पण तुज्या घराला हात लावू देणार न्हाय. मी बगतो." यल्लाप्पा परतताना म्हणाला, "बगतो म्हणालेत." त्या 'बगतो'चा आता आक्काताईला वास येत होता.

इकडं रंगराव एजंट सारखा खेपा घालत होता. बोजा निघाला म्हणून त्याचं तोंड उतरलं नव्हतं, उलट तो जास्तच खुशीत दिसत होता.

"आक्का, कशाला घोर लावून घेतासा?" त्यानं एक दिवस आवाज खाली आणला. "तिकडं कर्नाटकाच्या सीमेकडच्या गावातनं कामाला आलेली लोकं असत्यात. त्यास्नी उताराबितारा कळत न्हाय. नोटरीवर लिहून द्यायचं, पैसं घ्यायचं, ताबा द्यायचा. तुमी जयसिंगपूरला. म्होरं त्येंचं ते बघत्याल."

"आन् लिलाव लागला म्हंजे त्येनी पोरंबाळं घेऊन कुठं जायचं?"

"ते आपण कशाला बगायचं? तुमचं बी कुणी बगितलं का?"

आक्काताईनं त्याच्याकडं नीट बघितलं. ही गोष्ट सांगताना त्याला जराही काही वाटत नव्हतं. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होता. तिला त्या बाळाबाईचं लाल झालेलं तोंड आठवलं. "ऊठ," ती म्हणाली. "ऊठ आन् चालता हो. त्या खुर्चीवरनं आधी ऊठ."

पण रंगराव सहजासहजी हलणारा नव्हता. पंधरवड्यानं तो पुन्हा आला, दारातूनच हात जोडत. आता रीतसर काम आहे म्हणाला. एक मोठी पार्टी आहे. बोजासकट घर घेते. पतसंस्थेचं काय ते ती पार्टीच मिटवणार. फक्त किंमत निम्मी.

"निम्मी?" यल्लाप्पा म्हणाला.

"लिलावात गेलं तर पाव बी न्हाय यायचं, यल्लाप्पा."

कोण पार्टी आहे ते तो सांगेना. पण यल्लाप्पाला आता चार पावलं चालतानाही धाप लागत होती, आणि निशा रोज फोन करत होती. आक्काताई म्हणाली, "आण पार्टीला. बगू दे तरी."

पार्टी आली ती चारचाकीतून. रंगरावाबरोबर उतरला तो राजवर्धन, आण्णांचा थोरला मुलगा. यल्लाप्पानं त्याला लहानपणी फौंड्रीत खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. आता त्याच्या बोटांत तीन अंगठ्या होत्या. तो आत आला, रुमाल काढून खुर्ची पुसली आणि बसला.

"काकू, परकी माणसं कशाला? आपण घरचीच हाय," तो म्हणाला. "संस्थेत आण्णांचा शब्द चालतो. तडजोडीत बोजा उठवून घीन मी. तुमची बी कटकट जाईल. ही गल्ली सगळीच घ्यायची हाय मला, शेड टाकायचं हाय."

आक्काताईला समजायला क्षण लागला. मग सगळं एकामागोमाग एक जागेवर बसलं. बापानं कर्ज बुडवायचं. बापाच्याच संस्थेनं जामीनदाराच्या घरावर बोजा चढवायचा. बोजा बघून गिऱ्हाईकानं पळायचं. आणि लेकानं तेच घर निम्म्यात घ्यायचं आणि बोजा बापाकडून तडजोडीत उठवायचा. रंगराव एवढा खुशीत का होता तेही तिला कळलं.

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. राग तिला माहीत होता. हे दुसरंच होतं. उघड्या गटारात हात घातल्यावर काहीतरी मऊ हाताला लागावं तसं. त्या पोराची पुसलेली खुर्ची, त्याचा दुमडलेला रुमाल तिनं नीट बघून घेतला.

"राजवर्धन," ती म्हणाली, "तुजा बा ह्या कॉटवर बसून गेला. चहा झ्याक झालाय म्हणाला. तो गेल्यावर कप मीच उचलला. काठोकाठ भरल्याला हुता. आमचा चहा त्येच्या घशाखाली उतरला न्हाय. माज्या नवऱ्याची सही तेवढी उतरली. आन् आता आमचं घर बी उतरणार व्हय?"

राजवर्धन हसायला लागला आणि मध्येच थांबला. "काकू, जुनं काय काढतासा..."

यल्लाप्पा मात्र बायकोकडं बघत राहिला. कपाची गोष्ट तो पहिल्यांदाच ऐकत होता. एवढी वर्षं ज्या एका रविवारावर तो मान ताठ करून चालला होता, तो रविवार त्याच्या डोळ्यांसमोर उलटापालटा झाला. त्यानं कॉटच्या दांडीला धरलं आणि उठून उभा राहिला. आण्णांच्या घरातल्या कुणासमोर तो असा ताठ उभा राहिल्याचं आक्काताईनं कधी बघितलं नव्हतं.

"राजा, जा तू," तो म्हणाला. खोकल्यानं आवाज फाटत होता. "लिलाव झाला तरी चालंल. रस्त्यावर बसीन. पण तुमच्या घरादाराला हे घर देणार न्हाय. जा."

राजवर्धन रुमाल खिशात कोंबत उठला. रंगराव त्याच्यामागून गाडीपर्यंत काहीतरी पुटपुटत गेला. गाडी गेल्यावर आक्काताईनं ती खुर्ची अंगणात नेली आणि साबण लावून धुतली. यल्लाप्पा दारात बसून बघत होता.

"तवाच का सांगितलं न्हाईस?" त्यानं विचारलं.

"तुमी लई खूश हुता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीनं मुरगूडला गेली. विचारत विचारत बाळाबाईचं घर गाठलं. बाळाबाई गोठ्यात शेण भरत होती. आक्काताई गोठ्याच्या तोंडाशीच उभी राहिली आणि आधी सगळं बोलून घेतलं. आण्णांचं कर्ज, दाबून ठेवलेल्या नोटिसा, गोठवलेली ठेव, राजवर्धनची निम्मी किंमत. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही.

बाळाबाई शेणाचे हात तसेच धरून ऐकत होती. "म्हंजे त्या दिवशी तुमास्नी खरंच ठावं न्हवतं?"

"न्हवतं. पण आता हाय. म्हणून आधी सांगाय आले. घ्यायचं का न्हाय ते तुमी बगा."

बाळाबाईनं हात धुतले आणि तिला आत बोलावलं. भाकरी आणि अंबाड्याची भाजी वाढली. जेवताना म्हणाली, "माजा वकील तवाच म्हणाला हुता, इकणारा खरं बोलत असला तर बोजा असल्यालं घर बी घेता येतं. फकस्त त्येचं पैसं आधी त्येच्या हातात पडाय पायजेत, आपल्या न्हाय. मी पतसंस्थेचं पैसं परस्पर तिथंच भरीन. बोजा उठला की मग उरलेलं तुमास्नी. चालतंय?"

"चालतंय. किंमत?"

"ठरली हुती तीच. मी काय राजवर्धन हाय व्हय?"

पुढचं काम सरळ, पण वेळखाऊ होतं. बाळाबाई, तिचा वकील, आक्काताई आणि यल्लाप्पा असे चौघे पतसंस्थेत गेले. वकिलानं आधी व्याजाचा हिशोब लेखी मागितला, मग त्यावर दंड कशाचा लावला तेही लेखी मागितलं, तेव्हा दंड निघून गेला. बाळाबाईनं संस्थेच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट दिला. त्याच अधिकाऱ्यानं पावती फाडली आणि बोजा उठवायचं पत्र दिलं. "बघा मावशी, झालं की नाही?" तो म्हणाला, जणू काही त्यानंच उपकार केले होते. आक्काताईनं पत्र घेतलं आणि त्याच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही.

सिटी सर्व्हेत नोंद कमी झाली. वकिलानं नवा उतारा बाळाबाईच्या हातात दिला, तिनं तो आक्काताईला दाखवला. मग खरेदीखत झालं. घराच्या किमतीतला जवळजवळ तिसरा हिस्सा आण्णांच्या कर्जापायी गेला होता. उरलेल्यात जयसिंगपूरच्या दोन खोल्या आल्या, आणि वर थोडेफार दवापाण्याला उरले. घर सोडताना आक्काताई रडली नाही. बुद्धाची मूर्ती तिनं लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि टेम्पोत पुढं बसली.

निशाला हे पटत नव्हतं. शिकलेली पोरगी, ती भांडायला उठली. जामीनदारानं कर्ज भरलं तर ते मूळ कर्जदाराकडून वसूल करता येतं, हे तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. ती आईला जयसिंगपूरच्या एका वकिलाकडं घेऊन गेली. वकिलानं कोल्हापुरात चौकशी केली आणि पुढच्या खेपेला मान हलवली.

"दावा जिंकाल तुम्ही. पण वसूल कशातून करणार? बंगला बायकोच्या नावावर, फौंड्री मुलाच्या, शेती सुनेच्या. आण्णांच्या नावावर एक सायकलसुद्धा नाही."

"म्हणजे त्यांनी आधीच ठरवलं होतं?" निशा म्हणाली.

वकिलानं फाईल मिटून बाजूला ठेवली. आक्काताई उठली. "चल, निशा. त्या माणसाच्या नावाचा कागद बी मला घरात नगो."

निशा रागावली. आईनं हार मानली असं तिला वाटलं. आक्काताईनं तिला समजवायचा प्रयत्न केला नाही. दावा लावला असता तर महिन्या-महिन्याला त्या बंगल्याच्या लोकांचं तोंड बघावं लागलं असतं, त्यांचं 'वैनी', 'काकू' ऐकावं लागलं असतं. तेवढी तिच्यात ताकद उरली नव्हती. आणि खरं तर ताकदीचाही प्रश्न नव्हता. पैसे गेले ते तिनं सोसलं असतं. तो वास सोसत नव्हता.

पतसंस्थेवर पुढं प्रशासक आला. ठेवीदारांच्या रांगेत आक्काताई दोन वर्षं उभी राहिली. शेवटी ठेवीतला लहानसा तुकडा मिळाला. उरलेलं मिळणार का, असं विचारल्यावर खिडकीतल्या माणसानं खांदे उडवले. तिनं पासबुक पिशवीत टाकलं आणि पुन्हा तिकडं गेली नाही.

जयसिंगपूरची हवा यल्लाप्पाला मानवली. सकाळी तो बाजारापर्यंत चालत जायचा, मध्ये एकदाच थांबायचा. आता तो कुणाला मालकाच्या गोष्टी सांगत नव्हता.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात निशाच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. नातवाचा नाच होता म्हणून आक्काताई नवं लुगडं नेसून गेली, दुसऱ्या रांगेत बसली. पाहुणे आले, टाळ्या झाल्या. सूत्रसंचालक मोठ्या आवाजात सांगू लागला, सहकाराच्या क्षेत्रात आयुष्य वेचलेले, गोरगरिबांचे आधारवड. स्टेजवर आण्णा उभे होते. तेच पांढरं धोतर, कपाळाला तेच अष्टगंध. जरा वाकले होते, एवढंच. शाल घातली, नारळ दिला. बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली.

"आमच्या यल्लाप्पाच्या घरच्या बसल्यात की हितं!" ते माईकवरून म्हणाले. "लई प्रामाणिक माणूस. आमच्या घरचाच."

लोकांनी माना वळवून तिच्याकडं बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या निशालाही पाहुणा कोण ते आधी माहीत नव्हतं. तिचं तोंड पांढरं पडलं.

आक्काताई उठली. मधल्या वाटेनं सरळ मागच्या दाराकडं चालायला लागली. तिनं मान वळवली नाही. मागं आण्णांचं भाषण चालूच होतं. दाराशी उभ्या असलेल्या शिपायानं विचारलं, "मावशी, नातवाचा नाच आजून व्हायचा हाय की?"

"तो घरी नाचंल," ती म्हणाली. "मी त्येला घरी नाचायला लावीन."

आणि तसंच झालं. संध्याकाळी नातू पोशाखासकट घरी आला. तिनं रेडिओ लावला, खोलीतलं सामान भिंतीला सरकवलं, आणि यल्लाप्पा कॉटवर बसून टाळ्या वाजवत राहिला. पाहुणा कोण होता, असं त्यानं मध्येच विचारलं.

"हुता कुणीतरी," आक्काताई म्हणाली, आणि पोराला म्हणाली, "ते गिरकीचं परत एकदा कर बगू."